बॉयलर उकळतोय, हीटर थांबतच नाही : डिशवॉशरबद्दल वाचकांचे प्रश्न

मोठ्या किचनमधल्या डिशवॉशरबद्दल या वेळी बरीच पत्रं आलीत, आणि गंमत म्हणजे बहुतेकांची तक्रार एकच, पाणी नको तेवढं तापतंय. घरातल्या छोट्या मशीनचा इथे संबंध नाही. त्यात बॉयलर (रिन्सचं, म्हणजे शेवटच्या विसळणीचं पाणी तापवणारी टाकी) वेगळा नसतो, त्यामुळे घरच्यांनी हे वाचून आपलं मशीन उघडू नका.

प्रश्न : दादा नमस्कार, मी एका मोठ्या कँटीनचं किचन सांभाळते. आमच्याकडे वरून झाकण खाली ओढायचं असतं तसलं हूडवालं डिशवॉशर आहे. शेवटच्या रिन्सचं पाणी ८५ डिग्रीवर थांबायला पाहिजे पण डिस्प्लेवर ९६-९७ पर्यंत जातं, आतून गुडगुड आवाज येतो, मशीन नुसतं उभं असताना रिन्सच्या नळ्यांतून पाणी थुंकल्यासारखं उडतं आणि मग थोड्या वेळाने हीटिंगच बंद. आमचा पोरगा मागचं पॅनल काढून लाल बटण दाबतो की परत अर्धा दिवस चालतं. एका मेकॅनिकने पाणी तापवणारी कॉईल बदलली, काही फरक नाही. दुसरा म्हणतो लाल बटणवाला पार्टच गेलाय, तो मधून काढून वायरी डायरेक्ट जोडून टाकतो. करू देऊ का?

उत्तर : नको ताई, अजिबात नको, आणि त्या माणसाला पॅनलला हातही लावू देऊ नका. ते लाल बटण ज्याच्यावर आहे तो सेफ्टी थर्मोस्टॅट. पाणी मर्यादेबाहेर गेलं, म्हणजे साधारण शंभरच्या आसपास (मशीनप्रमाणे थोडं इकडेतिकडे), की तो सप्लाय तोडतो आणि मुद्दामच आपणहून परत जोडत नाही, कुणीतरी येऊन हाताने बटण दाबावं आणि दाबताना विचार करावा की हे उडालं का, एवढ्याचसाठी ती सोय असते. म्हणजे तुमच्या सगळ्या मशीनमध्ये सध्या आपलं काम इमानदारीत करणारा तो एकटाच पार्ट आहे आणि नेमका त्यालाच काढायला निघालेत. कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्याला हाकलायचं आणि चोराला चहा द्यायचा असला प्रकार झाला हा.

कॉईल बदलून फरक पडला नाही यात मला नवल वाटत नाही. कॉईलला अक्कल नसते हो, तिला करंट मिळाला की ती तापते, किती तापायचं हे तिला कळत नाही. पाणी थंड राहत असेल तर कॉईलवर संशय घ्या, पण पाणी जास्त तापत असेल तर तिला "थांब" सांगणारा कुणीतरी झोपलाय. आणि थांब सांगणारे दोघेच, एक म्हणजे तापमान बघणारा (थर्मोस्टॅट किंवा सेन्सर आणि त्याच्यामागचा बोर्ड) आणि दुसरा म्हणजे त्याचा हुकूम ऐकून करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा मोठा स्विच, कॉन्टॅक्टर. बघणारा चुकतोय की तोडणारा, एवढं एकदा कळलं की अर्धं काम संपलं.

याची एक टेस्ट तुम्हाला कुठलाही मीटर न वापरता करता येते. पाणी सेटिंगच्या वर गेलं की मशीनच्या पुढच्या बटणाने मशीन ऑफ करा, पण भिंतीवरचा मेन स्विच चालूच ठेवा. बऱ्याच मशीनमध्ये पुढचं बटण फक्त कंट्रोलचा सप्लाय तोडतं, कॉईलकडे जाणारा जाड सप्लाय कॉन्टॅक्टरपर्यंत तसाच येऊन थांबलेला असतो. आता बाजूला उभं राहून ऐका. मशीन ऑफ आहे आणि आतली गुडगुड थांबायच्या ऐवजी वाढतच चाललीय, तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट (आतले एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे) एकमेकांना चिकटलेत, वेल्ड झालेत, हुकूम सुटला तरी ते सुटत नाहीत. लगेच मेन बंद करा आणि मशीन वापरू नका. ऑफ केल्या केल्या आवाज निवला तर कॉन्टॅक्टर त्या वेळी तरी ऐकतोय, मग बघणाऱ्याकडे वळायचं. "त्या वेळी तरी" असं म्हणतोय कारण पॉइंट कधीकधी गरम असतानाच चिकटतात आणि गार झाले की सुटतात, त्यामुळे टेस्ट दोनतीनदा करा.

तुमच्या पत्रातच अजून एक धागा आहे. तुम्ही म्हणता लाल बटण उडालं की हीटिंग खरोखर बंद होतं. आता सेफ्टी दोन प्रकारे जोडलेली असते. काही मशीनमध्ये ती कॉईलचा जाड करंट थेट तोडते, काहींमध्ये ती फक्त कॉन्टॅक्टरला सोडायला लावते. दुसऱ्या प्रकारात कॉन्टॅक्टरच चिकटलेला असेल तर सेफ्टी उडूनही काही उपयोग नसतो, पाणी उकळतच राहतं (हे मला व्यक्तिशः कधीच आवडलेलं नाही, पण असतं). म्हणून इलेक्ट्रिशियनला सांगा की त्या लाल बटणाच्या पार्टवर येणाऱ्या वायर बघ. बारीक वायर असतील आणि तरीही उडाल्यावर हीटिंग थांबत असेल तर तुमचा कॉन्टॅक्टर बहुतेक निर्दोष, थर्मोस्टॅट किंवा सेन्सर पकडा. जाड वायर असतील तर दोन्ही शक्यता उभ्या राहतात, मग मीटर काढावा लागेल.

मीटरचं काम त्याचं, पण त्याने काय केलं पाहिजे ते तुम्हाला माहीत असावं म्हणजे परत कुणी कॉईल बदलून जाणार नाही. पाणी सेटिंगच्या वर गेलेलं असताना कॉईलच्या वायरवर क्लॅम्प मीटर (वायरीला नुसता वेढून करंट मोजणारा) लावायचा. ३ किलोवॅटची कॉईल २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर ओढते, तेवढा करंट दिसला म्हणजे हीटर चालू आहे. मग कॉन्टॅक्टरच्या स्वतःच्या छोट्या कॉईलला सप्लाय आहे का बघायचं. सप्लाय नाही आणि तरी हीटरमध्ये करंट, म्हणजे कॉन्टॅक्टर चिकटलेला. सप्लाय आहे, म्हणजे वरून अजून "तापव" असा हुकूम येतोय. दोन रीडिंगमध्ये निकाल.

हुकूमच चुकत असेल आणि तुमचं मशीन गोल नॉबच्या थर्मोस्टॅटचं असेल तर पहिल्यांदा त्याचा बल्ब बघायचा, तांब्याच्या बारीक नळीच्या टोकाला असतो तो. आतलं लिक्विड तापून फुगतं आणि पॉइंट उघडतं, एवढीच त्याची युक्ती. नळी कुठे चिरली आणि लिक्विड गेलं की फुगायला काही राहतच नाही, पॉइंट जन्मात उघडत नाही. किंवा बल्ब धडधाकट असतो पण कॉईल बदलताना त्याच्या खोबणीत नीट सारलेला नसतो, बाहेर लोंबकळत असतो आणि बॉयलरच्या आत काय चाललंय हे त्याला कळतच नाही, हे तर मी इतक्या वेळा बघितलंय की विचारू नका. किंवा खोबणीवर क्षाराचा जाड थर बसतो, मग पाणी ८५ झालं तरी बल्बला ते उशिरा कळतं आणि तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात साधा थर्मामीटर आणि बल्ब शेजारी शेजारी बुडवले, मीटर कंटिन्युइटीवर ठेवला, की तो किती डिग्रीला टक् करतो ते समोरच दिसतं. टक् झालाच नाही तर फेकून द्या.

आणि पाणी थुंकतंय ते हलक्यात घेऊ नका. बॉयलर उकळला की वाफ पाण्याला रिन्सच्या नळ्यांतून बाहेर ढकलते, आतली पातळी खाली जाते, कॉईलचं डोकं उघडं पडतं आणि कोरडी कॉईल काही मिनिटांत जळते. तुमची नवीन कॉईलही याच वाटेवर आहे. शिवाय पोरगा पॅनल उघडून आत हात घालतोय ते आजच्या आज थांबवा, मेन बंद न करता तर मुळीच नाही. नुसतं ६० डिग्रीचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला पाचेक सेकंदात खोलवर भाजतं, तुमच्याकडे ९७ आहे. पॅनल उघडणाऱ्याने मेन बंद करून, कुलूप लावून, मीटरने सप्लाय नाही हे बघून, बॉयलर गार होऊ देऊन मगच हात घालायचा.

एक विचारायचं राहिलं, हे उकळणं कधी होतं, गर्दीत की गर्दी ओसरल्यावर? माझा अंदाज ओसरल्यावर. गर्दीत प्रत्येक रॅकला (भांड्यांच्या जाळीला) दोन-तीन लिटर गार पाणी बॉयलरमध्ये येतं आणि न थांबणाऱ्या हीटरचा गुन्हा झाकून टाकतं. म्हणून मेकॅनिक भर कामात आला की त्याला सगळं ठीक दिसतं. त्याला मशीन रिकामं उभं असतानाच बोलवा.

प्रश्न : सर, मी सर्व्हिसचं काम शिकतोय. एका मशीनवर सहा महिन्यांत दोनदा कॉन्टॅक्टर बदलला, दोन्ही वेळा पॉइंट वेल्ड. कंपनी ओरिजिनल टाकला तरी तेच. पॉइंट घासून चालवलं तर?

उत्तर : घासू नकोस मित्रा. पॉइंटच्या टोकावर चांदीच्या मिश्रधातूचा थर असतो, पॉलिश पेपर मारला की तो झिजतो आणि पुढच्या वेळी अजून लवकर चिकटतात. पॉइंट वेल्ड होतो तो मुख्यतः जोडताना-तोडताना उडणाऱ्या ठिणगीने, म्हणून तुला शोधायचंय की हा कॉन्टॅक्टर इतक्या वेळा किंवा इतका थरथरत का जोडतोय. मशीनजवळ दहा मिनिटं गप्प उभा राहा आणि टक्-टक् मोज. मशीन रिकामं, दार बंद, तरी दर मिनिटाला दोनतीनदा टक् होत असेल तर पहिल्यांदा रिन्सच्या नळ्या टिपकतायत का बघ. सोलेनॉईडमध्ये (पाणी सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हमध्ये) कचरा अडकला की गार पाण्याची धार बॉयलरमध्ये चोवीस तास झिरपत राहते, तेवढंच गरम पाणी नळ्यांतून खाली टिपकतं, आणि बिचारा हीटर दिवसभर चालू-बंद. इथे कॉन्टॅक्टर बदलून काय होणार, सोलेनॉईड साफ कर.

टक् च्या ऐवजी घर्रर्र असा आवाज येत असेल तर कॉन्टॅक्टरच्या कॉईलला व्होल्टेज कमी मिळतंय किंवा तुटक मिळतंय, हुडचा स्विच घाण झालेला असतो, कुठेतरी लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) ढिला असतो. टर्मिनल बघ, प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल तर तिथे ढिलाई होती, नुसतं आवळून भागणार नाही, लग कापून नवीन लाव. आणि रेटिंग वाचताना एसी-१ चा आकडा बघ, हीटरला तो लागतो, एसी-३ मोटरचा. पण एसी-१ च्या अगदी काठावरचा साइज घेऊ नकोस, ती पेटी वाफेने तापलेली असते, तिथे थोडी जास्तीची ऐपत हवीच.

एक खूण लक्षात ठेव. थ्री फेज हीटर स्टारमध्ये (तिन्ही कॉईलचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) असेल आणि न्यूट्रल जोडलेला असेल, तर तीनातला एकच पॉइंट चिकटला तरी एक कॉईल चालू राहते, म्हणजे तिसरा हिस्सा ताकद. मग पाणी फटकन उकळत नाही, सावकाश चढतं, रात्री मेन चालू राहिला तर सकाळी बॉयलर उकळलेला सापडतो. न्यूट्रल नसेल तर एक पॉइंट चिकटून काहीच होत नाही आणि दुसरा चिकटेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून तिन्ही पोल वेगवेगळे चेक कर, एक उघडा दिसला म्हणून निघून येऊ नकोस.

प्रश्न : आमच्या मशीनवर डिस्प्ले ७४ दाखवतो, एरर काही नाही, पण रॅक बाहेर काढला की वाफेचा लोट येतो आणि हातात धरवत नाही. वेगळ्या थर्मामीटरने बघितलं तर रिन्सचं पाणी नव्वदच्या जवळ. डिस्प्ले बदलावा का?

उत्तर : वेगळ्या थर्मामीटरने बघितलंत तिथेच तुम्ही अर्ध्या मेकॅनिकांच्या पुढे गेलात. डिस्प्ले बदलू नका, तो सेन्सर सांगेल तेच बोलतो. तुमच्याकडे एनटीसी सेन्सर असणार असं लक्षणांवरून वाटतं. एनटीसीचा रोध तापल्यावर कमी होतो. नेहमीचा २५ डिग्रीला १० किलोओहमवाला असेल तर ८० डिग्रीला तो सव्वा ते पावणेदोन किलोओहमच्या आसपास येतो. आता सेन्सरचा कनेक्टर वाफेने हिरवा पडला आणि तिथे नुसते चारशे ओहम जास्तीचे घुसले, तर बोर्डला वाटतं पाणी आठ-नऊ डिग्रीने गार आहे, आणि तो प्रामाणिकपणे तापवत राहतो. गार असताना दहा हजारांत हे चारशे कळतही नाहीत, म्हणून सकाळी मशीन बरोबर दाखवतं आणि तापलं की खोटं बोलतं. कनेक्टर काढा, साफ करा, पिना गंजल्या असतील तर कापून नवीन लावा. मग सेन्सर मोजा, शक्य असेल तर गरम पाण्यात बुडवून. सेन्सर तुलनेने छोटी गोष्ट आहे, बोर्ड मोठी. क्रम तसाच ठेवा.

सेन्सर पीटी १००० निघाला तर मात्र हे सगळं उलटं. तो ०ला १००० ओहम आणि ८०ला १३०९, म्हणजे तापल्यावर वाढणारा. तिथे गंजलेला कनेक्टर पाणी जास्त गरम असल्याचं सांगतो आणि पाणी प्रत्यक्षात गार राहतं. त्यामुळे मोजायच्या आधी कुठला सेन्सर आहे ते बघा, नाहीतर दिवसभर उलट्या दिशेने शोधत बसाल.

प्रश्न : नवीन हीटर बसवला तेव्हापासून पाणी झटक्यात तापतं, पण एमसीबी उडतो आणि पाणी सेटिंगच्या पुढे सातआठ डिग्री जातं. कॉन्टॅक्टर, थर्मोस्टॅट नवे आहेत.

उत्तर : पट्ट्या बघा, हीटरच्या टर्मिनलवरच्या. तीन कॉईल स्टारमध्ये जोडायच्या त्या डेल्टामध्ये (टोकाला टोक, त्रिकोणात) जोडल्या गेल्यात असं मला वाटतं. मग २३० व्होल्टच्या प्रत्येक कॉईलला ४०० मिळतात आणि ताकद थेट तिप्पट होते, ४ किलोवॅटचा हीटर १२ चा होतो. थर्मोस्टॅट वेळेवर तोडतोही, पण कॉईलच्या अंगात तोवर इतकी उष्णता साठलेली असते की पाणी पुढे सरकतंच. खात्री करायची तर घड्याळ लावा. १ लिटर पाणी १ डिग्री चढवायला १ किलोवॅटला सव्वाचार सेकंद लागतात. ७ लिटरचा बॉयलर, ६ किलोवॅट, २० पासून ८२ पर्यंत, म्हणजे पाचएक मिनिटं. तुमचा दीड-दोन मिनिटांत होत असेल तर हिशोब सरळ आहे. चालवू नका, वायरी जळतील.

प्रश्न : ८२ ला जंतू मरतात तर ९५ ला जास्त मरतील ना? मग जास्त तापलं तर बिघडलं कुठे?

उत्तर : हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जास्त तापमानावर चालणाऱ्या मशीनमध्ये रिन्सचं पाणी नळीपाशी निदान ८२ असावं लागतं ते एवढ्यासाठी की ताटाचा पृष्ठभाग ७१ पर्यंत पोचावा, खरा जंतूंचा हिशोब ताटावर होतो. नव्वदच्या पुढे गेलं की पाणी नोझलमधून बाहेर पडता पडता वाफ आणि तुषार होऊन जातं, ताटावर धार बसतच नाही, आणि ताट उलट कमी तापतं. शिवाय ताटावर थोडं खरकटं राहिलं असेल तर ते भाजून चिकटतं, काच तडकते, सीलं कडक होतात. खात्री करायची असेल तर ७१ ला रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात, ताटाला चिकटवून एक सायकल फिरवा, डिस्प्लेशी वाद घालायची गरजच राहत नाही.

प्रश्न : बॉयलर सेटिंगवरच थांबतो पण तापताना खडखड, गुडगुड खूप आवाज. सेफ्टी महिन्यातून एखाद वेळा उडते.

उत्तर : क्षार. जड पाण्यातला चुना गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून तो सगळ्यात गरम जागा शोधून, म्हणजे कॉईलवरच, बसतो. थराखाली पाण्याचे थेंब अडकून उकळतात, तो आवाज. कॉईल आतून लालभडक होते आणि पाण्याला उष्णता पोचत नाही. मशीनच्या माहितीपत्रकात सांगितलेलं डिस्केलर वापरा, बॉयलर गार असताना, आणि क्लोरीनवाल्या कुठल्याही धुण्याच्या केमिकलच्या जवळपास ते आणू नका, अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू सुटतो. पातळीचा प्रोब किंवा प्रेशर स्विचची नळी असेल तर तीही साफ करा, क्षार तिथेही बसतो आणि अर्धा बॉयलर रिकामा असताना मशीनला तो भरलेला वाटतो. सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) असेल तर त्यात मीठ शेवटचं कधी घातलं ते आठवून बघा.

प्रश्न : बॉयलर ठीक, पण खालच्या वॉश टँकचं पाणी ६० च्या सेटिंगवर ६६-६७ जातं, तेही गर्दीतच. थर्मोस्टॅट दोनदा बदलला.

उत्तर : तिसऱ्यांदा बदलू नका. प्रत्येक रॅकनंतर रिन्सचं दोन-तीन लिटर ८२ चं पाणी त्याच टँकमध्ये पडतं. ४० लिटरच्या टँकला एका सायकलमागे एक-दीड डिग्रीपर्यंत त्यातूनच मिळते, रॅक पाठोपाठ गेले की टँकचा हीटर बंद असूनही पाणी चढतं. गर्दी संपल्यावर हळूहळू खाली येतं का ते बघा. येत असेल तर मशीनमध्ये बिघाड नाही. रिकामं उभं असतानाही चढत असेल तर मग वरच्या कँटीनवाल्या ताईंच्या उत्तरापासून सुरुवात करा, कॉन्टॅक्टर फक्त टँकचा बघा.